अंकल वेव्हर्लीचे अकरा सेकंद

व्हर्लीन गॅडिस कामावर असताना हसत नसे. हसू येत नव्हतं म्हणून नव्हे. दुसऱ्याचं हसणं मोजणाऱ्यानं आपलं तोंड मिटलेलं ठेवावं, असा तिचा रोखठोक हिशेब होता. काट्यानं स्वतः पारड्यात जाऊन बसू नये, असं ती म्हणे, आणि सव्वीस वर्षं तो नेम तिनं पाळला होता. दिवसभराचं साठलेलं हसू ती संध्याकाळी घरी, बहिणीसमोर, भांडी घासता घासता हसून घ्यायची.

स्टुडिओत तिची जागा ठरलेली. दोन नंबरच्या कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला एक उंच खुर्ची, तिच्यावर घरून आणलेली तपकिरी उशी, उशीवर व्हर्लीन. मांडीवर संहिता, गळ्यात स्टॉपवॉच, कानामागे पेन्सिल. कोण कुठलं वाक्य विसरलं, पेला कुठल्या हातात होता, हे टिपणं ही तिची नोकरी; पण नाव झालं होतं ते हशांच्या नोंदींमुळे. संहितेच्या समासात ती रेघा ओढी. एक रेघ म्हणजे खुदखुद, दोन म्हणजे मोकळा हशा, तीन म्हणजे हशा आणि वर टाळ्या. कुणीच हसलं नाही तर शून्य, आणि त्यापुढे ते शून्य किती सेकंद टिकलं तो आकडा. दिवसाचे सगळे खेळ संपले की सगळं एका तक्त्यावर उतरवून खाली सही. पांढरी प्रत आवाज जुळवणाऱ्यांकडे, पिवळी चॅनेलच्या कचेरीत, गुलाबी तिच्या पलंगाखाली, बुटांच्या खोक्यात. न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमधून असं म्हणत, की गॅडिसच्या तक्त्यात चूक सापडली तर ती तारीख भिंतीवर कोरून ठेवा.

ती तारीख निघाली एकोणीसशे शहाण्णव सालच्या ऑक्टोबरातली.

त्या वर्षी ती 'किचन डोअर' या कार्यक्रमावर होती. जाहिराती धरून अर्ध्या तासात पाच-सहा छोटी प्रहसनं, आणि सगळ्यांत पुढे डेल्विन बीझली. लिहिणारा तो, मुख्य नट तो आणि कागदोपत्री निर्माताही तोच, वय एकतीस. त्याचे आजोबा ज्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवायला जात, तिथे त्यांना स्वयंपाकघराच्या दारानं आत घेत. डेल्विन म्हणे, दार तेच राहू दे, फक्त आत गेल्यावर एकेक झाकण उघडून बघू काय शिजतंय. आणि बघायचाही. गोऱ्या वकिलाच्या सिनेमात खांबाला टेकून शहाणपण सांगणारा आणि तिसऱ्या अंकात मरणारा काळा मित्र, बातम्यांमधली संशयितांची चित्रं, नवीन मर्सिडीज भाड्यानं आणून गुंडगिरीची गाणी म्हणणारी चांगल्या घरची पोरं, कुणालाच तो सोडत नसे. व्हर्लीनच्या चर्चमधल्या बायकांपैकी निम्म्या म्हणत की पोरगा घरची धुणी चव्हाट्यावर धुतो. उरलेल्या निम्म्या म्हणत, धुतो तरी. बुधवारी मात्र सगळ्या न चुकता बघत.

डेल्विननं करारात एक कलम हट्टानं घालून घेतलं होतं. ते असं, की खोलीत जे झालं नाही ते पेटीतून यायचं नाही.

पेटी म्हणजे आर्ची व्हितोलोची हशांची पेटी. आर्ची हा ब्रूकलिनचा साठीतला इटालियन गडी, तिसेक वर्षं त्याच धंद्यात. पेटी दिसायला लहानशा हार्मोनियमसारखी. वर बटणं, खाली पायाची पट्टी. एका बटणाखाली पाच बायकांचा हशा, एकाखाली घसा खाकरत हसणारा म्हातारा, एकाखाली सगळ्यांचं हसून झाल्यावर ज्याला विनोद कळतो तो एकटा प्राणी. आर्ची डोळे मिटून वाजवायचा आणि थंड पडलेल्या विनोदात धुगधुगी आणायचा. पहिल्याच आठवड्यात डेल्विननं पेटी वाजवून घेतली, सगळे हशे ऐकले आणि विचारलं, यात आपली माणसं कुठायत? आर्चीनं प्रामाणिकपणे सांगितलं, की हशे भरले तेव्हा त्यांना कुणी बोलावलंच नसावं. तेव्हापासून 'किचन डोअर'साठी पेटीत त्याच कार्यक्रमाच्या प्रेक्षकांचे हशे भरले जात, आणि कलम आलं ते तिथून.

नियम साधा होता. दर गुरुवारी दोन खेळ होत, एक तीनला आणि एक सहाला, निराळ्या प्रेक्षकांसमोर. चित्र कुठल्याही खेळाचं वापरा. पण दोहोंपैकी एका तरी खेळात त्या जागी हशा पडलेला हवा, तक्त्यावर तशी नोंद हवी आणि खाली व्हर्लीनची सही हवी. तरच आर्चीनं त्या जागी बोट टेकायचं.

त्या गुरुवारचं शेवटचं प्रहसन अंकल वेव्हर्लीचं होतं. अंकल वेव्हर्ली म्हणजे पॅनकेकच्या पिठाच्या खोक्यावरचा हसरा काळा म्हातारा, पांढरं जाकीट, बो टाय, हातात ताटली. शंभर वर्षं खोक्यावर हसून झाल्यावर तो कंपनीकडे निवृत्तिवेतन मागायला येतो. डेल्विननं त्यासाठी दातांची एक भली मोठी कवळी बनवून घेतली होती. ती लावली की ओठ मिटतच नसत; रडला असता तरी हसतानाच दिसला असता.

कंपनीचा वकील त्याला पूर्ण नाव विचारतो. तो सांगतो, अंकल. आडनाव? निव्वळ वजन दोन पौंड. आजवर किती रजा घेतली? एकदाच, बेचाळीस साली, खोक्याच्या मागच्या बाजूला छापलं होतं तेव्हा. वकील समजावतो, की तुम्ही नोकर नव्हतातच, तुम्ही चित्र होतात. वेव्हर्ली हसऱ्या तोंडानं विचारतो, मग शंभर वर्षं तुमचे पॅनकेक भाजले कुणी? शेवटी वकील कंटाळून म्हणतो, तुम्हाला नक्की हवंय तरी काय? आणि वेव्हर्ली म्हणतो, "मला तोंड मिटायचंय." कवळी काढतो, टेबलावर ठेवतो, ओठ मिटतो आणि कॅमेऱ्याकडे बघतो. बस. संहितेत पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

तीनच्या खेळाला कवळी टेबलावर राहिली नाही. घसरली, फरशीवर टणटणली आणि घरंगळत येऊन व्हर्लीनच्या बुटाला लागून थांबली. तीनशे माणसं खदखदली. व्हर्लीननं समासात तीन रेघा ओढल्या, नऊ सेकंद लिहिले आणि वाकून ती कवळी कागदी रुमालात उचलली, कारण मेकअपवाली बाई हवालदिल होऊन धावत येत होती. समोर बसलेली माणसं कवळीकडे बघत होती, व्हर्लीनही कवळीकडे बघत होती. तक्त्यावर 'कारण' नावाचा एक बारीक रकाना असतो; हशा विनोदाऐवजी अपघातानं पडला तर तिथे तसं लिहायचं, म्हणजे तो हशा बाद. तो रकाना तसाच राहिला.

सहाच्या खेळाला कवळी जिथे ठेवली तिथे राहिली. डेल्विननं ओठ मिटले. आणि खोलीत काहीच झालं नाही. कुणी खोकलं नाही, कुणाचं चिप्सचं पाकीट वाजलं नाही. पुढच्या रांगेत निळ्या टोपीतली एक जाडजूड बाई बसली होती, खेळभर मांडीवर थापा मारून हसत होती. तिचा हात वर उचललेला तसाच राहिला. व्हर्लीनच्या हातातलं घड्याळ चालत होतं. अकरा सेकंदांनी दिग्दर्शकानं कट म्हटलं. तिनं शून्य काढलं, पुढे अकरा लिहिले. सव्वीस वर्षांत एवढं मोठं शून्य तिनं एकदाच पाहिलं होतं, आणि त्याची आठवण तिला नको होती.

सोमवारी सकाळी आर्चीचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या सोडून त्यानं विचारलं, की तीनच्या खेळाला शेवटी काय झालं होतं.

"दात पडले," व्हर्लीन म्हणाली.

"तसं तू लिहिलं नाहीयेस, गॅडिस."

व्हर्लीननं फोन तसाच खांद्यात धरून गुलाबी प्रत काढली. तीन रेघा. नऊ सेकंद. कारणाचा रकाना कोरा. तिच्याच हातची सही, खाली वळणदार.

आर्चीनं सांगितलं, की चॅनेलचा माणूस येऊन बसलाय. सहाच्या खेळाचं चित्र, त्यावर तीनच्या खेळाचा हशा. तक्त्याप्रमाणे चोख बसतं. "मला दिसतंय की यात काहीतरी घाण आहे," आर्ची म्हणाला, "पण कागद तुझा आहे. मी कागदावर वाजवतो."

येते म्हणाली आणि कोट घातला.

बसमध्ये तिला मिस पोल्क आठवल्याच. अर्नेस्टीन पोल्क; लग्न झालेलं, पण वडीलधाऱ्या बाईला आदरानं मिसच म्हणायचं. सव्वीस वर्षांपूर्वीची विनोदी मालिका, त्यात त्या घरकामवाली. रोज दारातून आत येताना कंबर हलवायची आणि हशा घ्यायचा, एवढंच काम. व्हर्लीनचं ते पहिलं वर्ष. दुपारच्या जेवणाला त्या आपल्या डब्यातली रताळ्याचं गोड सारण भरलेली पाई तिला अर्धी देत, 'खा गं बाळा' म्हणत. एका भागात लेखकाकडून चुकून एक खरं वाक्य लिहिलं गेलं. मालकीण विचारते, तुझा मुलगा काय करतो? आणि मिस पोल्क म्हणतात, तो युद्धावरून आला, पेटीतून आला. खोली गप्प झाली. व्हर्लीननं शून्य काढलं. निर्माता तिच्या खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, तिथं दोन रेघा कर, पोरी, आपण विनोदी मालिका करतोय. तिनं केल्या. घरभाडं होतं, नोकरी नवी होती, आणि दोन रेघा ओढायला लागतो किती वेळ? प्रक्षेपणात त्या वाक्यावर साठ माणसं हसली. मिस पोल्कनी ते घरी, नवऱ्याबरोबर पाहिलं. दुसऱ्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "तुम्ही घेणार का पाई, मिस गॅडिस?" आणि पुढची दोन वर्षं, मालिका बंद पडेपर्यंत, मिस गॅडिस आणि तुम्ही. त्या गेल्या तेव्हा व्हर्लीननं फुलं पाठवली. चिठ्ठीवर काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

आवाज जुळवायच्या खोलीत तिघे होते. आर्ची पेटीपाशी, डेल्विन सोफ्यावर पाय वर घेऊन, आणि मधल्या खुर्चीत चॅनेलचा टॉड हॉलस्टेड. टॉडला विनोद कळायचा. फक्त कळल्याची पावती त्याला जागच्या जागी लागायची. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आवाज गोड, सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारायची सवय. त्यानं व्हर्लीनला खुर्ची दिली, कॉफी विचारली आणि समजावून सांगितलं. घरी बसलेल्या माणसाला अकरा सेकंद काहीच ऐकू आलं नाही तर तो काय करतो? चॅनेल बदलतो. त्यांनी पीट्सबर्गला, सेंट लुईसला लोकांना बसवून पाहिलं होतं; विनोदी कार्यक्रमात लोकांना आपण चुकीच्या ठिकाणी तर हसत नाही ना अशी धास्ती असते, तो दिलासा त्यांना द्यायला हवा. शिवाय शुक्रवारी पुढच्या सीझनचा निर्णय आहे. आणि आपण खोटं तर काहीच घालत नाही. हशा त्याच दिवसाचा, त्याच प्रहसनाचा, त्याच जागेचा, तुमच्याच सहीचा.

शेवटचं वाक्य त्यानं अगदी आदरानं म्हटलं.

व्हर्लीननं पिशवीतून दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. दुरुस्तीची चिठ्ठी म्हणजे हाताएवढा पिवळा कागद. तक्त्यात चूक झाली तर काय चुकलं, कसं चुकलं, ते लिहून जोडायचा. तिच्याकडचं पुस्तक सव्वीस वर्षांपूर्वीचं होतं आणि त्यातलं एकही पान फाटलेलं नव्हतं. पहिलं पान फाडताना टाके कडकडले. आर्चीनं नजर दुसरीकडे वळवली. जुन्या माणसाला भर खोलीत डोळे पुसताना बघू नये, तशी.

टॉडनं चिठ्ठी वाचून पाहिली आणि ओठ चावला. सही करून दिलेल्या तक्त्याची दुरुस्ती निर्मात्याच्या सहीशिवाय चालत नाही, हे त्यानं सांगितलं. ते व्हर्लीनला माहीत होतं. निर्माता सोफ्यावर होता.

डेल्विननं तिच्याकडे पाहिलं नाही. छताकडे बघत बोलला.

"मिस व्हर्लीन, मला तेरा भाग मिळणारेत. तेरा. त्यांत मी अकरा सेकंद शंभर वेळा करीन. तुम्हाला काय वाटतं, मला गिळायला बरं वाटतंय हे? पण आज हे एक जाऊ द्या. दारात पाय अडकलाय तोवर आत शिरू."

"तू आत आहेस, बाळा," व्हर्लीन म्हणाली. "हे सगळे तुझ्या स्वयंपाकघरात बसलेत."

"अकरा सेकंदच आहेत हो."

"आहेत. पण ते तुझे नाहीत." तिनं गुलाबी प्रत गुडघ्यावर सरळ केली. "तू फक्त तोंड मिटलंस. गप्प बसली ती तीनशे माणसं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं गप्प बसा म्हणून. त्यांनी आपण होऊन दिलं ते. आता तू त्यांच्या तोंडात दुसऱ्यांचं हसू घालणार. आणि ते पण कशावर, तर पडलेल्या दातांवर. वेव्हर्ली शंभर वर्षांनी एकदा तोंड मिटतो, आणि तू पुन्हा त्याची कवळी बसवतोस. हे माझ्या सहीनं व्हायचं नाही."

टॉड अजून गोडच होता. म्हणाला, व्हर्लीन, तुमच्या भावना मी समजू शकतो, पण सही तर तुम्ही गुरुवारीच केलीय.

"हो ना," ती म्हणाली, आणि आर्चीच्या पुढ्यातली पांढरी प्रत उचलून तिनं कानामागची पेन्सिल हातात घेतली, परत कानामागे ठेवली, पिशवीतलं पेन काढलं आणि आपल्या सहीवर एक आडवी रेघ ओढली. घाईनं नाही. फूटपट्टी लावून.

खोलीतल्या चौघांपैकी दोघांना त्याचा अर्थ ताबडतोब कळला. आर्चीनं पेटीचं झाकण लावलं, खिळी सरकवली आणि खणातून मिरच्या घातलेलं सँडविच काढलं.

"काय करतोयस?" टॉडनं विचारलं.

"जेवतोय," आर्ची म्हणाला. "तक्त्याला सही नाही. सगळ्या तक्त्याला. बावीस मिनिटांत कुठेही बोट ठेवता येत नाही मला. कलम आहे."

टॉडचा गोडवा तिथे संपला. बुधवारी प्रक्षेपण, आज सोमवार. एकशे सदतीस ठिकाणचे हशे गेले. एक बाई पेनानं रेघ ओढते आणि अख्खा भाग मुका होतो, असं कसं चालेल? मग तो डेल्विनकडे वळला. तिला सांग, म्हणाला. तू निर्माता आहेस, तिला सांग.

डेल्विननं पाय खाली घेतले. गुरुवारपासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं, शाळेतल्या वात्रट पोराचं हसू आलं, कवळीशिवायचं.

"तिच्या तक्त्यात माझं काही चालत नाही," तो म्हणाला. "आणि खरं सांगू, टॉड? जाऊ दे कोरडाच. बावीस मिनिटं चिडीचूप. कुणी कधी केलंय असं? पीट्सबर्गवाल्यांना कळू दे कुठं हसायचं ते, आपलं आपण."

त्याला ती कल्पना खरोखरच आवडायला लागली होती, हे व्हर्लीनला दिसलं. पोरगा एका खड्ड्यातून निघून हसत हसत दुसऱ्यात चालला होता.

"कोरडा का जाईल?" ती त्याच्यावरच डाफरली. "बाकीच्या ठिकाणी लोक हसलेत. ती निळ्या टोपीवाली बाई मांड्या लाल होईस्तोवर हसलीय. ते मी बुडवू? तुझ्या शौकासाठी? हसले तिथं हसले लिहायचं, गप्प बसले तिथं गप्प बसले लिहायचं. मला एवढंच हवंय. बस खाली, आणि पेन घे."

डेल्विन बसला. दुरुस्तीच्या चिठ्ठीवर काय चुकलं ते तिनं आधीच लिहून आणलं होतं: तीनचा खेळ, शेवटचा हशा, कारण कवळी पडली, प्रहसनाशी संबंध नाही. त्याखाली 'चूक कशी झाली' असा रकाना होता. तिथे तिनं सगळ्यांसमोर, मोठ्या अक्षरांत लिहिलं: दात उचलायला वाकले. डेल्विननं ते वाचलं, सही केली, आणि सही करताना त्याचे खांदे हसण्यानं हलत होते. टॉडनंच मग घाई केली, की आता तक्त्यावर पुन्हा सही करा, बाई, वेळ जातोय. तिनं फूटपट्टीच्या रेघेखाली नवी सही केली. आर्चीनं उरलेलं सँडविच कागदात गुंडाळलं आणि झाकण उघडलं.

दारात टॉडनं तिला गाठलं. बाह्या पुन्हा खाली सोडलेल्या. म्हणाला, पुढचा सीझन झाला तर चॅनेल तुमच्या जागी बहुतेक दुसरं कुणी बघेल. राग नाही यात.

"बघा ना," व्हर्लीन म्हणाली. "मोजता येणारी बघा म्हणजे झालं, मिस्टर हॉलस्टेड."

जिन्यात डेल्विन मागून उतरत आला. त्यानं विचारलं, मी सही केलीच नसती तर? ती म्हणाली, तर घरी जाऊन वाल शिजत घातले असते. मग दोन पायऱ्या उतरून थांबली आणि म्हणाली, एकदा मी ओढल्या होत्या रेघा, कुणाच्या तरी शून्यावर. तो पुढचं ऐकायला थांबला. पण ती तोवर खाली पोचली होती, आणि बस आली होती.

मंगळवारी दुपारी चॅनेलचा माणूस तिच्या दारात एक तपकिरी कागदाची पिशवी देऊन गेला. आत तिची उशी होती. चिठ्ठी नव्हती. सीझनचे दोन भाग अजून व्हायचे होते; पण टॉडनं शुक्रवारची वाट पाहिली नव्हती. व्हर्लीननं उशी झटकली, उन्हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. मग आर्चीला फोन केला, आणि युनियनला, आणि डेल्विनला. डेल्विन फक्त म्हणाला, गुरुवारी तुमच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं तर मी कवळी लावून त्याच्या मांडीवर बसेन. युनियनच्या माणसाचं बोलणं जास्त लांबलं; शेवटी त्यानं सांगितलं, की करार सीझनभराचा आहे, गुरुवारी उशी घेऊन खुशाल जा.

बुधवारी आठ वाजता तिची बहीण ओडेसा जेवणाचं ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसली. ओडेसा ही चर्चमधल्या त्या पहिल्या निम्म्यातली. प्रत्येक प्रहसनाला नाक मुरडायची आणि मग तोंडातला घास सांभाळत हसायची. बेचाळीस सालच्या रजेला तिला ठसका लागला. 'निव्वळ वजन दोन पौंड'ला तिनं ताट बाजूलाच ठेवलं. मग वेव्हर्लीनं कवळी काढली, टेबलावर ठेवली, तोंड मिटलं.

ओडेसा उठली आणि तिनं टीव्हीच्या कडेला चापट मारली. त्या टीव्हीचा आवाज अधूनमधून जायचा. दुसरी मारायला हात उचलला, तेवढ्यात पडद्यावरचा डेल्विन तिच्याकडे बघत होता, हातभर अंतरावरून. तिचा हात वरच राहिला. व्हर्लीनच्या मांडीवर घड्याळ होतं. काम नसतानाही अंगठा त्यावर गेलाच. आठ. नऊ. दहा. अकरा. मग साबणाची जाहिरात लागली, आणि बाई टबात बसून गाऊ लागली.

ओडेसा परत येऊन बसली. ताट मात्र घेतलं नाही.

"कुणी हसलं नाही गं शेवटी," ती म्हणाली.

"नाही."

"एक पण नाही."

"खोलीत कुणी हसलं नव्हतं," व्हर्लीन म्हणाली.

ओडेसानं थोडा वेळ साबणाच्या बाईकडे बघितलं. मग तिला कट्ट्यावरची उशी दिसली आणि तिनं विचारलं, की ही आज घरी कशी?

"धुवायला आणली होती," व्हर्लीन म्हणाली, आणि घड्याळ शून्यावर आणून गळ्यात घातलं. "उद्या अडीचला नेतेय परत."